सांगितले खरे, पण पोहोचले का?



पेठ म्हणजे बाजार, हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पण नुसते 'मी पेठेचा' एवढे सांगून कोणाचे भागत नाही. पुण्यात असे म्हणावे, तर समोरचा लगेच विचारतो, 'कोणत्या? सदाशिव, नारायण की कसबा?' नाशिककराला सांगावे, तर त्याच्या डोळ्यांपुढे गुजरातच्या वाटेवरचा त्याच्या जिल्ह्यातला पेठ तालुका उभा राहतो. सांगलीकडच्या माणसाला वाळवे तालुक्यातले हमरस्त्यावरचे पेठ आठवते. आणि खेडचा घाट चढून मंचरकडे निघाले की सातगाव पठारावर लागते ते आंबेगाव तालुक्यातले, बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेले आपले पेठ. आपल्यापुरते 'पेठ' हे दोन अक्षरी नाव पूर्ण आहे. ऐकणाऱ्यापुरते तो अर्धाच पत्ता आहे.

ही अडचण टपालखात्याने आपल्याआधी ओळखली. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि त्यांवर लिहिणाराचे दिव्य अक्षर, यांतून वाट काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्याकडे सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. त्यातला पहिला आकडा विभागाचा. आपल्या महाराष्ट्राचा तो चार. पहिल्या तीन आकड्यांनी टपालवाटणीचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तिहींनी नेमके टपालघर. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्या खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे पंडित व कवीही होते. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की कवीला आनंद होतो, पण पत्ता लिहिताना असा आनंद परवडत नाही, हे कवीनेच ओळखावे यात मोठे औचित्य आहे. श्लेष हा काव्यात अलंकार आहे, पत्त्यात तो अपघात आहे.

आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच. बोलणे हे बोलणाराच्या तोंडात पुरे होत नाही. ऐकणाराच्या हातून पुढे जे घडते, तेथे ते पुरे होते. 'मी सांगितले होते' हे वाक्य आपण घरी, शेतावर आणि कचेरीत रोज उच्चारतो. ते बहुधा खरेही असते. पण गाडी चुकल्यावर फलाटावर उभे राहून तिकीट दाखवावे, तितकाच त्याचा उपयोग. म्हणून आपल्याच मुलखातल्या चार-सहा गोष्टी पाहू आणि आपले सांगणे वाटेत कोठे अडखळते याचा शोध घेऊ.

आकडा आणि अंदाज

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांचा माल या वाटेने देशावर चढे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत कोरलेला एक मोठा लेख आहे. तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. सातवाहनांच्या राणीने, नागनिका या नावाने जी ओळखली जाते तिने, केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणांची त्यात नोंद आहे. गाई किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती, हे तेथे आकडे खोदून सांगितले आहे. भारतातल्या फार जुन्या अंकलेखनात त्या आकड्यांची गणना होते. राणीने 'पुष्कळ दानधर्म केला' एवढेच कोरविले असते, तरी तिला हिशेब कोण विचारणार होते? तरीही तिने आकडा सांगितला, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही तिचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचते.

तिच्या शेजारचे आपण मात्र अंदाजपंचे बोलण्यात तरबेज झालो आहो. 'चार-दोन पोती पाठवा', 'पाच-पंचवीस माणसे येतील', 'जरा थांबा'. स्वयंपाक करणाऱ्या माउलीने पाचांचा करावा की पंचवीसांचा, हे त्या पाव्हण्यांनाच ठाऊक. आणि 'आलोच' हा तर आपल्या भाषेतला चमत्कार आहे. व्याकरणाने तो भूतकाळ, व्यवहाराने भविष्यकाळ आणि वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला अनंतकाळ!

'परवा' या शब्दाचेही तसेच. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा या दोघांना आपण एकाच खुंटीला बांधले आहे. 'बेण्याचा ट्रक परवाचा आहे' असा निरोप पठारावर आला, तर तो येऊन गेला की यावयाचा आहे? मजूर कोणत्या दिवशी सांगावयाचे? एका शब्दापायी दिवसाची मजुरी अंगावर पडते किंवा लावणी लांबते, आणि मग दोन शेजारी 'मी सांगितले होते' आणि 'मला कोणी सांगितले नव्हते' या दोन झेंड्यांखाली उभे राहतात. औषध सोपे आहे. वार सांगा, तारीख सांगा, वेळ सांगा, आकडा सांगा. 'गुरुवारी, बारा तारखेला, सकाळी आठला, चाळीस पोती.' या वाक्यात रस नाही हे कबूल. पण भांडणही नाही.

रुमालाखालची बोटे

जुन्नर तालुक्यातला बेल्ह्याचा बैलबाजार नावाजलेला आहे. गुरांच्या बाजारात सौद्याची एक जुनी रीत असे. घेणारा आणि दलाल हातात हात घेत, वर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकीत, आणि बोटे दाबून भाव बोलत. वर चेहरे निर्विकार, खाली बोटांचा संवाद चालू. शेतमालाच्या बाजारातही ही रीत शिरली होती, आणि तिला 'हत्ता' म्हणत. संवादाचे साधन म्हणून ही रीत अगदी निर्दोष आहे. दोघांना एकमेकांचे अक्षरन्‌अक्षर कळते. दोष एवढाच, की ज्याचा माल आहे तो शेतकरी शेजारी उभा असून त्याला काही कळत नाही. म्हणूनच बाजार समित्यांचे नियम झाले तेव्हा हत्त्याला मनाई होऊन उघड लिलावाची रीत आली.

बैलबाजारातल्या रुमालाला आपण नावे ठेवतो, पण कचेरीतला रुमाल आपल्या नजरेस येत नाही. एखाद्या शेतकऱ्याला पत्र येते : 'उपरोक्त संदर्भीय अर्जाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी आढळून आलेल्या त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत करण्यात यावी.' तो बिचारा ते पत्र घेऊन शिकलेल्या पुतण्याकडे जातो. पुतण्या ते दोनदा वाचतो, आणि आपण शिकलेलो आहो ही अब्रू राखण्यासाठी म्हणतो, 'काका, गंभीर दिसतेय.' पत्राचा अर्थ इतकाच असतो, की 'तुमच्या अर्जाला सातबाराचा उतारा जोडलेला नाही. तो पंधरा दिवसांत आणून द्या.' लिहिणाराला हे माहीत होते आणि त्याच्या वरिष्ठालाही माहीत होते. बोटे रुमालाखाली चालली होती.

राज्यकारभाराच्या भाषेचा विचार या भूमीला नवा नाही. १६३० साली शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी पुढे राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आणि कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा कारभार मराठीत आणण्यासाठी भाषा संचालनालय निघाले आणि पदनामकोश तयार झाला. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनामकोश' म्हणून हशा पिकविला. त्यातले कित्येक शब्द मात्र पुढे सर्वांच्या तोंडी बसले, हेही खरे. तेव्हा दोष शब्दाच्या कुळाचा नाही. फारसी रुमाल काढून संस्कृत रुमाल घातला, किंवा आजच्यासारखा इंग्रजी घातला, तरी बोटे झाकलेलीच राहतात. डॉक्टर, वकील, इंजिनियर आणि संगणकवाले यांनी आपसात वाटेल त्या बोलीत बोलावे. ज्याचा बैल आहे तो शेजारी उभा असेल, तेव्हा मात्र रुमाल काढावा.

सोंगाड्याचे कान

आता नारायणगावकडे वळू. तमाशाची पंढरी म्हणून त्याची ख्याती आहे. हंगामाला तेथे फडांच्या राहुट्या पडतात, आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यावयास येतात. विठाबाई नारायणगावकरांनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. तमाशात गण आणि गवळण झाल्यावर बतावणी येते. तिच्यातला सोंगाड्या हा माझ्या मते संवादशास्त्राचा सर्वांत मोठा पंतोजी आहे, कारण तो नेमका शब्द ऐकतो आणि हेतू ऐकत नाही.

या धाटणीचा एक प्रसंग कल्पा. सरदार झोपावयास जाताना सांगतो, 'घोड्यावर नजर ठेव.' सकाळी तबेला रिकामा. सरदार संतापतो, 'नजर ठेवली नाहीस?' सोंगाड्या हात जोडून म्हणतो, 'ठेवली की सरकार! चोर त्याला घेऊन वळणाआड दिसेनासा होईपर्यंत ठेवली!' कनातीत हशा पिकतो. पण सोंगाड्याने हुकूम मोडला कोठे? सरदाराने काम सांगितले आणि कामाचे कारण मनात ठेवले.

कचेरीत हीच बतावणी तोंडाला रंग न लावता रोज चालते. 'ही फाईल साहेबांच्या टेबलावर ठेवा,' असे हेडक्लार्क सांगतात, आणि शिपाई ती ठेवतो. साहेब आठ दिवसांच्या रजेवर असतात, आणि फाईलही त्यांच्याबरोबर रजा भोगते. 'आज पाचच्या आत सही हवी, म्हणून ही फाईल साहेबांकडे न्या' एवढे म्हटले असते, तर टेबल रिकामे पाहून तोच शिपाई परत आला असता. कारण सांगितले की ऐकणाराच्या डोक्याचाही उपयोग होतो. न सांगितले तर आपण केवळ त्याचे पाय वापरतो.

'ठीक आहे'

आपल्या भाषेत 'ठीक आहे' या दोन शब्दांचे निदान चार अर्थ आहेत. 'ऐकले', 'पटले', 'करतो' आणि 'आता तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही'. यांतला चौथा अर्थ नवऱ्याने पहिला समजून घेतला, की घरात दोन दिवस वरणाला फोडणी बसत नाही.

या शब्दाने याहून पुष्कळ मोठा घात केला आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या तेनेरीफच्या विमानतळावर दाट धुके होते, आणि दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. एका विमानातून, आपण उड्डाण करीत आहो, अशा अर्थाचे संदिग्ध शब्द आले. मनोऱ्यातून उत्तर गेले 'ठीक', आणि त्यापाठोपाठ थांबण्याची सूचना गेली. पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानाचा चालकही बोलू लागला. दोन आवाज एकमेकांवर आदळून पहिल्या विमानात केवळ कर्कश शीळ ऐकू आली. 'ठीक' तेवढे पोहोचले, 'थांबा' पोहोचलेच नाही. ५८३ माणसे मेली. त्यानंतर विमानवाहतुकीची बोली अधिक काटेकोर झाली. उड्डाणाचा शब्द केवळ परवानगी देता-घेताना उच्चारावयाचा, आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसते 'ठीक' न म्हणता ती सूचना पुन्हा म्हणून दाखवावयाची, यावर कटाक्ष आला.

आपल्या बैठकांतही दोघे एकदम बोलले, की तीच शीळ वाजते. फरक इतकाच, की आपल्याला ती ऐकू येत नाही. म्हणून एकाचे संपल्यावर दुसऱ्याने बोलावे. आणि 'समजले का?' असे कोणालाही विचारू नये. त्याचे उत्तर आपल्याकडे 'हो' असेच असते. वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणणे हा उद्धटपणा, आणि साहेबांना 'नाही' म्हणणे हा वेडेपणा, अशी आपली शिकवण आहे. त्यापेक्षा असे म्हणावे, 'मी नीट सांगितले की नाही ते पाहू. आता तुम्ही काय करणार, ते मला सांगा.' जाणते डॉक्टर रोग्याकडून गोळ्यांची वेळ अशीच वदवून घेतात. यात परीक्षा सांगणाराची असते, म्हणून ऐकणाराला ओशाळे वाटत नाही.

खोडदचे मौन

नारायणगावजवळ आर्वी येथे १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत उपग्रहामार्फत परदेशांशी बोलण्याचे केंद्र उभे राहिले. देशातल्या अशा केंद्रांत ते आघाडीचे होते. त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले गेले. पुढे त्याच परिसरात खोडदला डॉ. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली. आर्वी हे तालुक्याचे तोंड मानले, तर खोडद हे कान म्हणावे लागेल. येथे ३० तबकड्या आहेत, आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांतल्या १४ मध्यभागी आहेत, आणि १६ तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. या दुर्बिणीचा पसारा सुमारे २५ किलोमीटरांचा आहे. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या ऐकतात.

जागा निवडताना येथील रेडिओ-गोंगाट कमी आहे, हे मुद्दाम पाहिले होते. दुर्बिणीजवळ मोबाईल बंद ठेवावा लागतो, कारण खिशातला फोन हा दूरच्या दीर्घिकेपेक्षा फार मोठ्याने ओरडतो. या तबकड्यांपासून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. ज्याचे ऐकावयाचे त्याच्याकडे त्या तोंड फिरवितात. आणि एकीच्या ऐकण्यावर विसंबून न राहता सर्वांचे ऐकणे जुळवून मग चित्र तयार करतात.

आता आपले घर पाहा. मुलगी शाळेतून येऊन काही सांगत असते. वडिलांचे डोळे मोबाईलवर, आणि तोंडाने 'हं' चालू असते. हा 'हं' आपल्या भाषेतला सर्वांत स्वस्त शब्द आहे. चार वेळा 'हं' मिळाल्यावर पाचव्या वेळी ती सांगत नाही, आणि काही वर्षांनी वडीलच तक्रार करतात, 'मुले आमच्याशी बोलत नाहीत.' लाखो वर्षांपूर्वी निघालेल्या लहरीसाठी खोडदची तबकडी मान वळविते. शाळेतून आत्ताच आलेल्या मुलीसाठी आपण तेवढेही करू नये काय?

ध, मा आणि पुढे ढकललेला निरोप

निरोप एका हातातून दुसऱ्या हातात गेला की त्याचे रूप पालटते, हे मराठी माणसाला निराळे शिकवावयास नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. पकडण्याच्या हुकमातला 'ध' आनंदीबाईंनी 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले, अशी कथा तेव्हापासून चालत आली आहे. इतिहासकार तिला पुरावा मागतात, आणि तो सापडत नाही. पण अक्षर बदलले असो वा नसो, 'ध चा मा' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत पक्का बसला, कारण अनुभव सर्वांचाच होता.

आज निरोपाला स्वार लागत नाही, अंगठा पुरतो. दहा माणसांनी पुढे ढकललेला मजकूर अकरावा माणूस 'आलेला पाठवला' म्हणून बाराव्याच्या गळ्यात घालतो. कोणी लिहिला, कोणत्या वर्षी, कोणत्या गावाविषयी, हे विचारावयास कोणी थांबत नाही. जुन्या काळी 'ध' चा 'मा' करावयास निदान बोरू आणि धाडस लागे. आता नुसता आळस पुरतो. म्हणून निरोप पुढे देण्याआधी तो ज्याने दिला त्याला एकदा वाचून दाखवावा. ते शक्य नसेल, तर तो आपल्यापाशीच थांबवावा.

एका चालकाचा निरोप

आतापर्यंत आपण हसलो. शेवटी जी गोष्ट सांगावयाची आहे, तिच्यात हसण्यासारखे काही नाही.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, आपल्याच आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. वाड्यावस्त्या मातीखाली गेल्यावर 'आमच्यावर संकट आले' हे सांगावयास गावात कोण राहणार? बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एस. टी. च्या एका चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीवर गेला आणि त्याला जागेवर गाव दिसले नाही. त्याने पाहिले ते कळविले, आणि मदतीची चक्रे फिरू लागली.

त्या निरोपात काय होते? ठिकाण होते, डोळ्यांनी पाहिलेली वस्तुस्थिती होती, आणि तो अशा ठिकाणी गेला की जेथून काही करता येत होते. आज आपण आकड्याच्या, रुमालाच्या, सोंगाड्याच्या आणि तबकड्यांच्या मिषाने जे बोललो, ते सारे त्यात आले. पण असे सांगणे संकटाच्या दिवशी अकस्मात साधत नाही. रोजच्या साध्या बोलण्यात ती सवय असावी लागते. बटाट्याची पोती नेमकी सांगणारा माणूस पुराच्या रात्री पाणी कोठवर आले हेही नेमके सांगतो. आणि रोज 'आलोच' म्हणणाऱ्याची हाक खरोखरीच निकडीची असली, तरी लोक सवयीने म्हणतात, 'येईल सावकाश.'

तेव्हा उद्या सकाळी एकच प्रयोग करून पाहा. कोणालाही एखादे काम सांगाल, तेव्हा त्याचे कारणही सांगा, आणि तो काय करणार हे त्याच्या तोंडून ऐका. तुम्ही जे सांगितले आणि त्याने जे ऐकले, यांत किती अंतर आहे ते पाहून प्रथम हसू येईल. मग थोडी काळजी वाटेल. ती वाटू लागली, की सांगावयास आपण शिकू लागलो असे समजावे.

आपण इतका वेळ शांतपणे बसलात. ऐकलेत किती, हे मी विचारीत नाही. कारण 'हो' हे उत्तर मला आधीच ठाऊक आहे. घरी गेल्यावर 'व्याख्यानात काय सांगितले?' असे कोणी विचारील, तेव्हा तुम्ही त्यांना जे सांगाल, तेवढेच माझे व्याख्यान झाले असे मी समजेन.